भूक कमी करणारी औषधं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

माउंजारो आणि वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा टोचून घ्यायची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. तेव्हापासून त्यांच्याबद्दल आशा आणि अफवा दोन्ही जोरात आहेत.

गैरसमज : हे इंजेक्शन चरबी वितळवतं.
वस्तुस्थिती : त्याचं मुख्य काम भुकेवर चालतं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवतं. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं आणि जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं. पण काही मिनिटांतच नष्ट होतं. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड त्याच संप्रेरकासारखं वागतं आणि आठवडाभर टिकतं. माउंजारोतलं टिर्झेपेटाइड जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. खाणं कमी होतं, म्हणून वजन उतरतं.

गैरसमज : औषध सुरू केलं, आता पथ्याची गरज नाही.
वस्तुस्थिती : सेमाग्लुटाइडच्या ‘स्टेप १’ चाचणीत सगळ्यांनाच रोज ५०० कॅलरी कमी खायला आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायला सांगितलं होतं. ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं, नुसतं पथ्य-व्यायाम करणाऱ्यांचं २.४ टक्के. म्हणजे औषधामुळे पथ्य निभावतं. शिवाय वजनाबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून दोनच घास जाणार असतील तर ते डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांचे असावेत, बिस्किटांचे नव्हेत. व्यायामात थोडं वजन उचलणंही हवं.

गैरसमज : वजन उतरलं की औषध बंद करता येतं.
वस्तुस्थिती : याच चाचणीतल्या काही जणांना औषध थांबवल्यावर वर्षभर तपासलं. घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. लठ्ठपणा उच्च रक्तदाबासारखाच दीर्घकाळचा आजार आहे. सुरू करण्याआधीच किती काळ घ्यायचं आणि खर्च किती, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

गैरसमज : जुनी औषधं वाईट निघाली, हर्बल गोळ्याच बऱ्या.
वस्तुस्थिती : जुना इतिहास खरा आहे. हृदयाच्या झडपांना इजा होते म्हणून फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये अमेरिकेतून मागे घेतलं गेलं. सिब्युट्रामिनमुळे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. मात्र ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये हेच सिब्युट्रामिन लपवलेलं अनेकदा सापडलं आहे. नवी औषधं वेगळ्या पद्धतीनं काम करतात, तरी मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते; पित्ताशयात खडे किंवा क्वचित स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते. मळमळ-उलट्या कमी व्हाव्यात म्हणून डोस हळूहळू वाढवतात.

गैरसमज : लग्नाआधी चार किलो उतरवायला उत्तम.
वस्तुस्थिती : वजन उतरवण्यासाठी ही औषधं बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचं माप) ३० किंवा अधिक असलेल्यांसाठी, किंवा २७ वा अधिक असून मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखा आजार जोडीला असलेल्यांसाठी आहेत. गरोदरपणात ती घेऊ नयेत. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून औषध आणलं, तर हे प्रश्न विचारायला कुणीच नसतं.