बघे आणि साक्षी

साक्ष हा शब्द आपण रोज किती वेगवेगळ्या अर्थांनी वापरतो! कोर्टात साक्ष द्यावी लागते, जुन्या गोष्टीची साक्ष काढली जाते, लग्न अग्नीच्या साक्षीने लागते, आणि जिथे कोणीच नसते तिथे मनाची साक्ष असते. पाणिनी हा शब्द ‘साक्षात्’वरून लावतो. ज्याने स्वतः पाहिले तो साक्षी. पण नुसते पाहिले की माणूस साक्षी होतो काय?

पांढुर्ण्याची गोटमार पाहावी म्हणजे ही शंका फारच बळावते. १९५६ साली नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. पण तिथल्या कितीतरी घरांतली बोली आपल्यासारखीच मराठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात झेंडा बांधलेला पळस रोवतात आणि दोन तीरांवरून पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दंतकथा अशी की, पांढुर्ण्याचा तरुण सावरगावची मुलगी पळवून नेत होता. नदीच्या मध्यावर दोन्ही गावांची दगडफेक झाली आणि ती दोघे तिथेच गेली. आजही गोटमारीत माणसे जखमी होतात, कधी दगावतात. प्रशासनाने एकदा रबरी चेंडू पुरवून पाहिले, पण लोक पुन्हा दगडांकडेच वळले. हजारो डोळे पाहत असतात. मात्र अमक्याच्या कपाळावर बसलेला धोंडा कोणाच्या हातचा, हे सांगायला एकही पुढे येत नाही. डोळे हजार आणि साक्षीदार शून्य!

आपल्या पूर्वजांना हा फरक पक्का ठाऊक होता. जुन्या महजरांत निवाड्याखाली गोताच्या साक्षी असत. लिहिता न येणारा पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी. ज्यावर पोट चालते, तेच तो आपल्या शब्दाला तारण ठेवी. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी डोळ्यांनी दिसण्याजोग्या गोष्टीविषयी ‘मी स्वतः पाहिले’ असे म्हणणारा माणूसच लागतो, हा नियम कायम आहे. त्या वाक्यातला ‘मी’ उच्चारणेच कठीण!

कोणी म्हणेल, वेदान्तातला साक्षी तर अलिप्त असतो. बघ्यांना ही अलिप्तता फार सोयीची वाटते. आमचे वडील दरबारी गवई. ते तंबोऱ्याला मैफलीचा साक्षी म्हणत. तंबोरा राग गात नाही, ताना घेत नाही, गवयाची बाजूही घेत नाही. पण प्रत्येक स्वर त्याच्या षड्जाशी ताडून पाहिला जातो. तो उतरला की सारी मैफल उतरते. म्हणून मी विद्यार्थ्यांना गळ्याआधी तंबोरा लावायला शिकवतो. अलिप्त राहणे म्हणजे अंग काढून घेणे नव्हे. तिथेच बसून, न ढळता, खऱ्या स्वराला धरून राहणे होय.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्नाला तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. फक्त तीन. दंतकथेतल्या त्या जोडप्याला दोन्ही तीरांवर बघे हवे तितके मिळाले. सही करणारे तिघे मिळाले असते, तर भर नदीत उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती.