इंजिनाचा पंखा

नागपूरजवळील कन्हान येथे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. अशा वेळी नदीच्या पुलाशी रांगेत खोळंबलेल्या जुन्या जीपगाडीचे इंजिन फार तापते. असे का व्हावे? तिचा पंखा पट्ट्याने इंजिनास जोडलेला असतो. इंजिन मंदावले, की तोही मंदावतो. उलट, गाडी वेगाने धावताना समोरचा वाराच रेडिएटरमधील पाणी थंड करतो; तरी पंखा फिरतच राहतो व इंजिनाची शक्ती व्यर्थ खर्चतो.

म्हणून कारागीर त्याच्या जागी विजेचा पंखा बसवितात. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापताच उष्णतेवर चालणारी कळ तो सुरू करते; पाणी निवताच बंद करते. मात्र त्याचा भार सोसणारे जनित्र व जाड तारा हव्यात.

मुलांनो, असा पंखा इंजिन बंद असतानाही अकस्मात फिरू शकतो. त्याच्या पात्यांजवळ हात नेऊ नका.