निवृत्तीचे किनारे – भाग ५ : हुआ हिनचा वर्षभराचा शिक्का

बँकॉकहून दक्षिणेकडे निघालेला लोहमार्ग १९११ साली हुआ हिनला पोचला, तेव्हा ते साधं कोळ्यांचं गाव होतं. १९२३ मध्ये रेल्वेनं तिथे हॉटेल उघडलं, पुढच्याच वर्षी गोल्फचं मैदान झालं आणि ते दशक सरण्याआधी राजा प्रजाधिपोकचा क्लाय कांगवोन हा समुद्राकाठचा राजवाडा उभा राहिला. २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये अनियंत्रित राजेशाही उलथवली गेली, त्या दिवशी राजा याच राजवाड्यात होता. राजा भूमिबोल यांनीही उतारवयातला मोठा काळ इथे घालवला.

राजघराण्याच्या या विसाव्याच्या जागी आता स्वीडन, नॉर्वे, ब्रिटन, जर्मनीतले निवृत्त शिक्षक, परिचारिका, कारागीर भाड्यानं राहतात. बँकॉक दोनशे किलोमीटरवर, म्हणजे गाडीनं तीन-चार तासांवर. हवाही सोसवणारी. नैर्ऋत्य मोसमी पाऊस म्यानमारच्या सीमेवरचे तनिन्थारी डोंगर अडवतात आणि पूर्वेकडचं हुआ हिन पर्जन्यछायेत राहतं, सह्याद्रीपलीकडच्या माण-खटावसारखं. पावसाचा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबरात असतो, एरवी उन्हाळा आणि समुद्रावरचा वारा. ओस्लोच्या जानेवारीतून आलेल्या माणसाला आणखी काय हवं?

त्याला हवा असतो राहण्याचा परवाना, आणि तो मिळतो एका वर्षापुरता.

थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहायचं तर वय किमान ५० हवं. त्याखेरीज थाई बँकेत ८ लाख बाट, म्हणजे ढोबळमानानं वीस लाख रुपये ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५ हजार बाटांचं उत्पन्न दाखवावं लागतं. दोन्हींची सांगड घालूनही चालतं. ठेवीचे नियम काटेकोर आहेत. अर्जाआधी दोन महिने रक्कम खात्यात हवी, मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने तिला हात लावायचा नाही आणि त्यानंतरही शिल्लक ४ लाखांखाली जाऊ द्यायची नाही. मुदतवाढीचं शुल्क १,९०० बाट. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. अधेमधे देशाबाहेर जायचं तर पुनर्प्रवेशाचा परवाना आधी काढायचा, नाहीतर मुदतवाढच रद्द होते. नोकरी करता येत नाही.

दहा-पंधरा वर्षं राहिलेल्या माणसालाही हे सगळं दरवर्षी नव्यानं करावं लागतं. पूर्वी उत्पन्नासाठी आपल्या वकिलातीचं पत्र चालायचं. २०१९ सुरू होता होता ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या वकिलातींनी अशी पत्रं देणं थांबवलं आणि अनेकांना ठेवीचा किंवा दरमहा परदेशातून पैसे आणण्याचा मार्ग धरावा लागला.

घराचंही तसंच. परदेशी व्यक्तीच्या नावावर थायलंडमध्ये सहसा जमीन होत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण त्या इमारतीच्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते आणि पैसा परदेशी चलनात बाहेरून आणल्याचा पुरावा लागतो. बंगल्याची हौस असेल तर जमिनीचा भाडेपट्टा जास्तीत जास्त ३० वर्षांचा. साठीत केलेला पट्टा नव्वदीत संपतो. त्यापुढच्या नूतनीकरणाची तोंडी आश्वासनं कितीही मिळोत, त्यांच्यावर विसंबू नये. म्हणूनच इथले जुने रहिवासी नव्याला पहिली दोन वर्षं भाड्यानंच राहण्याचा सल्ला देतात, आणि तो अगदी योग्य आहे.

खरा कस लागतो तो पैशाचा, आणि तोही हळूहळू. ब्रिटनचं उदाहरण फार बोलकं आहे. थायलंडमध्ये स्थायिक झालेल्या निवृत्तांना ब्रिटिश सरकारी पेन्शनची वार्षिक वाढ मिळत नाही. रक्कम पहिल्या दिवशी असते तेवढीच राहते. २००५ मध्ये पूर्ण मूळ पेन्शन आठवड्याला ८२.०५ पौंड होतं. ब्रिटनमध्ये राहिलेल्यासाठी ते २०२४ पर्यंत १६९.५० पौंड झालं, हुआ हिनला गेलेल्यासाठी ८२.०५ वरच थांबलं. त्यातच २००५ मध्ये एका पौंडाला सत्तरहून अधिक बाट मिळायचे, ते २०२४ मध्ये पंचेचाळीसच्या आसपास आले. म्हणजे हातात पडणारे आठवड्याचे सुमारे सहा हजार बाट पावणेचार हजारांच्या आत आले, आणि या काळात बाजारातले भाव वाढतच होते.

नेमक्या याच वर्षांत दवाखान्याचा खर्च सुरू होतो. हुआ हिनमध्ये चांगली खासगी रुग्णालयं आहेत, पण अमेरिकेची मेडिकेअर योजना सहसा देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही, आणि कायमचा परदेशी गेलेला ब्रिटिश माणूस मायदेशातल्या मोफत रुग्णालयसेवेचा हक्क गमावतो. खासगी विम्याचा हप्ता वयासोबत चढतो. सत्तरीनंतर नवी पॉलिसी मिळणं अवघड, मिळालीच तर जुने आजार वगळून. देशातच मुदतवाढ घेणाऱ्या अनेकांना विम्याची सक्ती नसते, म्हणून कित्येक जण बचतीच्या भरवशावर राहतात. एखादी हृदयशस्त्रक्रिया ती बचत संपवू शकते आणि त्याबरोबर बँकेतली ८ लाखांची अटही मोडते. उपचार आणि राहण्याचा हक्क एकाच खात्यावर अवलंबून असणं, ही या व्यवस्थेतली सर्वांत कठोर गोष्ट आहे.

मृत्यूनंतर ते खातं गोठतं. न्यायालयानं व्यवस्थापक नेमेपर्यंत वारसांना पैसे मिळत नाहीत, म्हणून थाई मालमत्तेसाठी स्थानिक वकिलाकडून वेगळं मृत्युपत्र करून ठेवलेलं बरं. पत्नी पतीच्या परवान्याच्या आधारानं राहत असेल, तर दुःखाच्या त्याच दिवसांत तिला स्वतःच्या परवान्याचीही तजवीज करावी लागते.

पुण्या-मुंबईहून असा विचार करणाऱ्यांसाठी पैसे पाठवण्याची वाट मोकळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. मात्र भारतातल्या बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी देशाबाहेरच्या उपचारांना लागू नसतात. वर्षातले १८० दिवस किंवा अधिक थायलंडमध्ये राहिलं तर तिथले करनिवासी ठरतात, आणि १ जानेवारी २०२४ पासून अशा व्यक्तीनं मिळवून तिथे आणलेल्या परदेशी उत्पन्नावर कर लागू शकतो. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे; निघण्याआधी तो सनदी लेखापालाकडून समजून घ्यावा. हिशेब मांडताना साठीचा खर्च गृहीत धरू नये. ऐंशीव्या वर्षी, जोडीदार नसताना, दवाखान्यासह किती लागेल तो आकडा आधी लिहावा आणि मग समुद्राकाठची भाडी बघावीत.

पुढच्या आठवड्यात फिलिपिन्समधलं दुमागेते : ब्रिटनशी झालेल्या करारामुळे तिथे तेच पेन्शन दरवर्षी वाढत राहतं.