खाडा कोणी भरून द्यावा?

गेल्या वर्षी तालुका पातळीवरचे शालेय कबड्डी सामने आटोपल्यावर आमच्या संघातील एका मुलीचे वडील आम्हांस भेटावयास आले. उद्यमबागेतील एका फौंड्रीत ते साचे भरण्याचे काम करतात. पाळी संपवून ते तसेच आले होते. हातावरची काळी रेती पुरती निघालेली नव्हती. इकडचे तिकडचे थोडे बोलणे झाल्यावर त्यांनी विचारले, "सर, पोरगी चांगली खेळते म्हणून सगळी सांगत्यात. पण ह्येच्यावर पोट भरतंय काय?"

खेळाने शरीर सुदृढ होते, मन प्रसन्न राहते, असे काहीतरी ठरावीक उत्तर आम्ही दिले. गृहस्थ मान हलवून निघून गेले. त्यांनी विचारले होते एक आणि आम्ही सांगितले भलतेच, ही रुखरुख मात्र मागे राहिली. तेव्हा उशिरा का होईना, नीट उत्तर शोधावे म्हणून आम्ही वाचू लागलो. त्या वाचनात हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका देशात, दुसऱ्याच एका खेळात, कारखान्यातील कामगारांनीच उपस्थित केला होता असे आढळून आले.

तो खेळ म्हणजे रग्बी. इंग्लंडच्या उत्तर भागात गिरण्यांत व खाणींत राबणारे लोक शनिवारी रग्बी खेळत. शनिवारीही काम असे. सामन्याला जायचे तर काम बुडे आणि मजुरी कापली जाई. आपल्याकडे ज्याला 'खाडा पडणे' म्हणतात तेच हे. खाड्याची भरपाई संघाने द्यावी, एवढीच मागणी होती. खेळाचे सूत्रधार होते सुखवस्तू घरांतले. खेळ हौसेचा, त्यात पैसा येता कामा नये, असे ते म्हणत. हौस कोणाला परवडते हा विचार त्यांना शिवला नसावा! अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील वीसहून अधिक संघांनी फारकत घेतली आणि बुडालेल्या दिवसापोटी सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्यास आरंभ केला. पुढे त्यांनी नियमही बदलले. पंधराऐवजी तेरा खेळाडू झाले. ज्याच्या हाती चेंडू आहे त्याला पकडून पाडले की तो उठून पायाने चेंडू मागे सारतो, आणि अशा सहा पकडी झाल्या की चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. हाच 'रग्बी लीग'. कबड्डी खेळणाऱ्या मुलींना त्यातील पकड समजावून सांगण्याची गरज पडू नये.

मात्र खाड्याचा हा न्याय पुरुषांपुरताच राहिला. त्याच उत्तर इंग्लंडातील लीड्स व यॉर्क येथील महिला संघांच्या खेळाडूंना मानधन मिळू लागले ते २०२३ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ एकशे अठ्ठावीस वर्षांनी. ऑस्ट्रेलियात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा २०१८ साली चार संघांनिशी सुरू झाली. २०२५ साली संघ बारा झाले होते. तेथेही आरंभी खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करीत. २०२३ साली त्यांच्यासाठी पहिला सामूहिक वेतनकरार झाला, तेव्हा कोठे 'खेळ हाच व्यवसाय' असे म्हणण्याजोगी स्थिती येऊ लागली.

आता आपल्याकडे वळू. मार्च २०१२ मध्ये पाटण्यास महिलांच्या पहिल्या विश्वचषक कबड्डी स्पर्धेत भारताने इराणला २५-१९ असे नमविले. संघाची नायिका ममता पुजारी ही आपल्याच कर्नाटकातील, उडुपीकडच्या शेतकरी घरातील. अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के व दीपिका जोसेफ या तिघी महाराष्ट्राच्या. जगज्जेत्या मुली चषक घेऊन ऑटोरिक्षाने परतल्या, अशी बातमी तेव्हा वृत्तपत्रांतून आली होती. पुढे महाराष्ट्र सरकारने आपल्या तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. अभिलाषा म्हात्रे २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या संघात होत्या, आणि २०१५ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

पण बक्षीस म्हणजे काही पगार नव्हे. बक्षीस एकदा येते; किराणा दरमहा लागतो. मग या मुलींचे घर चालते कशावर? याचे उत्तर मुख्यतः एका शब्दात आहे : रेल्वे. ममता पुजारी दक्षिण मध्य रेल्वेत नोकरीस लागल्या. महिलांच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत रेल्वेच्या संघाने वर्षानुवर्षे वर्चस्व गाजविले त्याचे रहस्य हेच, की गुणी मुलींना तेथे पगार, सरावाला सवलत आणि शिबिराला रजा मिळते. इंग्लंडातील कामगारांनी जी भरपाई भांडून मिळविली ती आपल्याकडे सरकारी हजेरीपटाच्या वाटेने आली. ही वाट सुरक्षित खरी, आणि आम्हांस तिच्याबद्दल आदरच आहे. तथापि तीत पगार मिळतो तो हुद्द्याचा, खेळाचा नव्हे.

खेळाचाच पैसा मिळावा असा प्रयत्न एकदा झाला. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून चालू झाली होती. तिच्याच जोडीने २०१६ मध्ये महिलांची स्पर्धा भरविण्यात आली. संघ तीनच : फायर बर्ड्‌स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. नायिका अनुक्रमे ममता पुजारी, अभिलाषा म्हात्रे व तेजस्विनीबाई. ३१ जुलै रोजी हैदराबादेस अंतिम सामना झाला आणि स्टॉर्म क्वीन्सने तो २४-२३ असा अवघ्या एका गुणाने जिंकला. एवढा चुरशीचा सामना होऊनही ती स्पर्धा पुढच्या वर्षी भरली नाही. इकडे २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत या पुरुष खेळाडूवर २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली. त्याच वर्षी हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्ण आणले. त्या स्पर्धेतील भारताचे ते शंभरावे पदक. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदेही होती.

तेव्हा त्या गृहस्थांना आम्ही काय सांगावे? नुसत्या कबड्डीवर पोट भरत नाही. कबड्डीमुळे मिळालेल्या नोकरीवर मात्र भरते. रेल्वेत खेळाडूंच्या जागा निघतात. वय १८ ते २५ लागते, आणि दहावी, बारावी वा पदवी, जशी जागा तशी, लागतेच. म्हणजे सरावासाठी गणिताचा तास बुडविणाऱ्या मुली स्वतःचीच वाट अडवीत आहेत. (हे वाक्य कोणासाठी लिहिले ते त्यांना कळेल.) आणखी एक : गुडघ्याचा बंध तुटला तर एक-दोन हंगाम हातचे जातात, आणि तिशी उलटली की चढाईचा वेग मंदावतो. या धंद्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचेच.

आणि हे सारे मोठ्या शहरांतच घडते असेही नाही. बेळगावजवळच्या तुरमुरी गावची मलप्रभा जाधव २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकारात ५२ किलो गटाचे कांस्यपदक घेऊन आली.

हे उत्तर आम्ही यंदा त्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, दहावीच्या अटीबद्दल दोनदा विचारले, आणि पुढच्या आठवड्यातील सामन्याला ते मैदानाच्या कडेला उभे दिसले. त्या दिवशी त्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा पडला, असे मुलीने आम्हांस मागाहून सांगितले.