तक्रार न करणारा डोळा

जळगावजवळच्या असोद्याच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येईल, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरहून सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी त्यात ठरलेली आहे, नजरेचीसुद्धा. एवढ्या कळकळीनं सांगायचं कारण आळशी डोळा. शंभरात दोन-तीन मुलांना हा दोष असतो आणि मूल तो स्वतःहून कधीच सांगत नाही. दुसऱ्या डोळ्यानं सगळं स्पष्ट दिसत असतं. मग आईवडिलांना संशय येणार कुठून?

एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, डोळा तिरळा असेल किंवा जन्मजात मोतीबिंदूनं झाकोळला असेल, तर मेंदू त्याच्याकडून येणारं चित्र बाजूला सारतो. हाच आळशी डोळा. 1960 च्या दशकात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. पुढे तो उघडला, तरी मेंदूतल्या फारच थोड्या पेशी त्याला दाद देत होत्या. दृष्टीवरच्या संशोधनासाठी दोघांना 1981 चं नोबेल मिळालं.

लहानपणी न वापरलेला डोळा मेंदू असा दूर सारतो, म्हणूनच तिरळेपणा भाग्याचा मानून किंवा ‘मोठेपणी जाईल’ म्हणून थांबणं फार महागात पडतं. सात वर्षांच्या आत उपचार सर्वांत चांगले लागू पडतात. त्यानंतरही काही मुलांची नजर सुधारते, तेव्हा उशीर झाला म्हणून घरी बसू नये.

आधी चष्मा. काहींना तेवढंच पुरतं. नाहीतर चांगल्या डोळ्यावर पट्टी, आणि घरोघरी उपचार अडतो तो इथंच. ‘चांगला डोळा कशाला झाकता?’ हा आजीचा प्रश्न रास्त आहे. दुबळ्या डोळ्याला काम मिळावं म्हणून, हे तिला नीट समजावून सांगावं. पट्टी सांभाळणारी बहुधा तीच असते. मध्यम दोषाला रोज दोन तास पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरते, असं 2003 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. शाळेत मुलं चिडवत असतील तर ते दोन तास संध्याकाळी, चित्र रंगवताना काढता येतात. पट्टी अजिबात सहन न होणाऱ्यांसाठी चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब हा पर्याय आहे, मात्र डॉक्टरांच्याच सल्ल्यानं. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेनं डोळा सरळ होतो, पण गेलेली नजर तेवढ्यानं येत नाही.

नजर सुधारल्यावर पट्टी थांबली की काही मुलांची नजर पुन्हा घसरते. त्यामुळे पुढच्या तपासण्यांसाठी जळगावच्या फेऱ्या चालूच ठेवाव्या लागतात.