उणे उंचीवर विश्वास ठेवणारं यान

खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली माणसाच्या हाताविना चालणारे दरवाजे बसले. पावसाळ्यात पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात पुरायचं नाही. धरण उंच न करता सुमारे आठ फूट जास्त पाणी धरायची युक्ती मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी काढली. पातळी ठरलेल्या रेषेवर गेली की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरली की मिटायचे. पेटंट त्यांनी घेतलं, स्वामित्वधन मात्र नाकारलं. सरकारी नोकरीत आपल्याकडे सोपवलेल्या कामाचे वेगळे पैसे घेणं त्यांना पटेना.

असा दरवाजा आपल्यापुढचं पाणी तेवढं ओळखतो. वरच्या अंगाला काय चाललंय, हे त्याला कोण सांगणार? १२ जुलै १९६१ रोजी वर पानशेतचं मातीचं धरण फुटलं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अपुरं होतं, जवानांनी वाळूची पोती रचून बांध धरायचा प्रयत्न केला होता. त्याच दिवशी खालचं खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फुटलं आणि पुण्यात पूर शिरला. आता टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चौघांचा हिशेब एकत्र होतो. एकेक धरण तपासून संपूर्ण साखळीची प्रकृती कळत नाही, हे पुण्याने फार मोल देऊन जाणलं.

हीच गोष्ट पुणे जिल्ह्यातच, नारायणगावजवळच्या खोडदला, पुन्हा ऐकू आली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण रेडिओ संदेश खरं तर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेनांनी तो थेट पृथ्वीवर टिपला. संदेशाला इथवर यायला नऊ मिनिटांहून जास्त वेळ लागत होता, म्हणजे पडद्यावर हलणारी रेघ आधीच घडून गेलेलं दाखवत होती. ती रेघ ठरल्या वेळेआधीच तुटली.

सोबतच्या कक्षायानाने उतरत्या यानाची सगळी नोंद जपली होती, म्हणून दुखणं सापडलं. पॅराशूट उघडताच यान अपेक्षेपेक्षा जोरात हेलकावलं. फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल आकड्यावरच अडकलं. यान कुठे कललंय याचा अंदाज त्यामुळे चुकला. रडार नीट चालत होतं, पण त्याचं माप या चुकीच्या कलात मिसळलं आणि उंची निघाली उणे! म्हणजे यान जमिनीखाली. संगणकाने पॅराशूट सोडलं, इंजिनं तीनच सेकंद चालवली आणि जमिनीवर पोचल्यावरची कामं सुरू केली. यान तेव्हा ३.७ किलोमीटर उंचीवर होतं.

चौकशी समितीने यानातल्या संगणकाला अशक्य उत्तर ओळखणाऱ्या भक्कम चाचण्या द्या, असं सुचवलं. मला ही शिफारस सगळ्यात मोलाची वाटते. चालकाविना गाडी रस्त्यावर आणणाऱ्यांनीही सुटे भाग तपासून थांबू नये. दोन चांगल्या उपकरणांचं एकमेकांशी पटेनासं झालं तर गाडी कुणाचं ऐकणार, हे त्यांनी आधी दाखवावं.