नारायणगावची फसफसणारी वाइन

आपल्या पांढुर्णा-सौंसरात संत्र्यांचे बगीचे, तशा जुन्नर तालुक्यात नारायणगावकडे द्राक्षबागा. तिथं १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या कुटुंबाने 'इंडेज' वायनरी उभारली. तिची 'ओमर खय्याम' वाइन शॅम्पेनच्या फ्रेंच पद्धतीने बनायची, परदेशीही जायची.

मी पडलो इंजिनिअर. माझं लक्ष बाटलीकडे. तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत ती पुन्हा आंबते, वायू तिच्यातच मुरतो. दाब पाच-सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त! म्हणून काच जाड. मग बाटल्या थोड्या थोड्या फिरवत, उलट्या करत गाळ तोंडाशी आणून काढतात.

२०१० च्या सुमारास कंपनी कर्जात बुडाली. कर्जाचे कागद उरतात. बाटली फिरवणाऱ्या हातांचं कसब कागदावर नसतं. माणसं आहेत तोवर आधी तेच नोंदवायला हवं.